पुठ्ठ्यावर काही लिहायचं नाही

‘प्रोटेस्ट’ या एका शब्दाने चार शहाण्या माणसांची सबंध सकाळ खाल्ली आणि वर ढेकरही दिला नाही.

शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दांचा सचित्र कोश निघत होता. ‘पी’ अक्षर संपत आलं होतं. कोशाची समिती जिन्याखाली बसायची. प्रकाशनाला बैठकीची खोली नव्हती असं नाही. पण तिच्यात याच कोशाच्या मागच्या आवृत्तीच्या न खपलेल्या प्रती छतापर्यंत रचल्या होत्या, आणि आपल्याच विद्वत्तेचा ढीग बाजूला सारून बसायला कुणाचं मन धजत नव्हतं. म्हणून जिन्याखाली चार खुर्च्या आणि मध्ये एक मोठं खोकं. खोक्यावर टेबलक्लॉथ, टेबलक्लॉथवर चहा.

समितीत मालक होते, कारण छापखान्यापासून खुर्च्यांपर्यंत सगळं त्यांचं होतं. संपादक होते, कारण मागच्या आवृत्तीलाही तेच होते आणि त्यांना ‘आता पुरे’ म्हणायचं कुणी, हे ठरत नव्हतं. मुद्रितं तपासणारे एक गृहस्थ होते. ते प्रत्येक वाक्याच्या मध्यावर थांबून छताकडे बघत, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे स्वल्पविराम म्हणायचे. आणि चौथी होती मोजपट्टी. पदार्थविज्ञान शिकून नुकतीच बाहेर पडलेली पोर. विज्ञानाचे शब्द बघायला तिला घेतलं होतं. आल्या आल्या तिने ‘प्रेशर’पुढचा संपादकांचा ‘जोर’ खोडून ‘दाब’ केला आणि दोन्ही एकच कसे नाहीत हे त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं. त्या दिवसापासून हे नाव तिला चिकटलं. तिची नोकरी अजून कच्ची होती. ‘पी’ छापायला गेलं की पक्की करू, असं मालक म्हणाले होते.

‘प्रोटेस्ट’चा अर्थ तिने घरूनच लिहून आणला होता: ‘एखाद्या गोष्टीला आपला विरोध आहे हे चारचौघांत, उघडपणे सांगणं किंवा दाखवणं.’

सुरुवात उच्चारापासून झाली. नाम असेल तर आघात शब्दाच्या पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या भागावर, हे संपादकांनी मोठ्याने म्हणून दाखवलं. मग स्वल्पविरामांनी म्हणून दाखवलं. मग दोघांनी मिळून. जिन्यावरून चाललेल्या हिशेबनिसाला वाटलं, खाली कुणाला तरी उचकी लागली आहे; तो पाणी घेऊन आला.

मग मालकांना ‘विरोध’ खटकला. मोजपट्टीने सरळपणे माहिती पुरवली की ब्रिटिश लोक निर्णयाच्या ‘अगेन्स्ट’ प्रोटेस्ट करतात आणि अमेरिकन लोक ‘अगेन्स्ट’ न लावता नुसता निर्णयच प्रोटेस्ट करतात. मालक सावरून बसले. म्हणजे ‘विरुद्ध’ काढून टाकलं तरी चालतं, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं, आणि अमेरिकन लोक त्यांना एकाएकी फार सभ्य वाटू लागले. ‘चारचौघांत’ हा शब्दही जास्तीचा आहे, घरातल्या घरात प्रोटेस्ट करणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत, असं ते म्हणाले. संपादकांनी मधला मार्ग काढला. ‘ही प्रोटेस्टेड हिज इनोसन्स’, म्हणजे आपण निर्दोष आहोत असं तो ठासून सांगत राहिला, हा अर्थ पहिला घालावा. यात मोर्चा नाही, घोषणा नाही, कुणाचा रस्ता अडत नाही. मालकांनी डोळे मिटून विचार केला. हा माणूस कोण आणि त्याच्यावर आळ का आला, असं मुलं विचारतील, म्हणाले.

जेवणाची वेळ झाली तेव्हा मोजपट्टीच्या वाक्याचं मांस सगळं सोलून निघालं होतं आणि हाड उरलं होतं ते एवढंच: ‘नापसंती दर्शवणे.’ नावडती भाजी बघून तोंड वाकडं करणं आणि हजार माणसांनी रस्त्यावर उतरणं, दोन्ही त्यात मावत होतं. सगळं मावतं तो अर्थ नसून पोतं असतं, असं मोजपट्टी म्हणाली. तिचं बोलणं कागदावर घेतलं गेलं नाही.

राहिलं चित्र. आणि चित्राच्या बाबतीत या कोशाचा एक नियम होता, ज्याची सगळ्यांना दहशत होती. मागच्या आवृत्तीत ‘डाँकी’ शब्दाशेजारी गाढवाऐवजी खेचराचा फोटो गेला, तेव्हा समोरच्या प्रकाशकाने आपल्या जाहिरातीत ‘आमचे संपादक गाढव ओळखतात’ असं ठळक छापलं होतं. त्या बोचणीतून नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘प्रत्येक चित्र खरं’ ही ओळ आली. खोटं काही चालायचं नाही. ‘बेकर’साठी फोटोग्राफर पहाटे बेकरीत गेला. ‘नॅप’साठी तो जेवणानंतर हिशेबखात्यात जाऊन बसला आणि लगेच काम उरकून आला.

पण ‘प्रोटेस्ट’साठी खऱ्या निदर्शनाचा फोटो वापरायचा, तर ते कुणाचं तरी, कशाविरुद्ध तरी असणार; आणि कोश विकत घेणाऱ्या शाळा सगळ्या बाजूंच्या. शेवटी संपादकांनी तोड काढली, आणि तिचा त्यांना नंतर बराच काळ अभिमान होता. आपल्याच बाइंडिंगच्या बायका फाटकाशी उभ्या करायच्या. फाटकाला नुकताच रंग दिलाय. हातात पुठ्ठे द्यायचे, पण पुठ्ठ्यावर काही लिहायचं नाही. म्हणजे प्रोटेस्ट खराखुरा, फक्त कशाचा ते ठरवलेलं नाही.

“कोऱ्या पुठ्ठ्यांचा प्रोटेस्ट?” मोजपट्टीने विचारलं.

“संकल्पना म्हणून,” संपादक म्हणाले. स्वल्पविरामांनी छताकडे पाहिलं. मालकांनी चहाचा कप खोक्यावर ठेवला.

त्या खोक्याकडे बघायचं मोजपट्टी टाळायची. टेबलक्लॉथ एका कोपऱ्यात फाटला होता आणि त्यातून खोक्यावरचं चित्र दिसायचं: चार पात्यांचा एक्झॉस्ट फॅन.

बाइंडिंग खातं तळघरात होतं. छापून आलेल्या कागदांना घड्या घालायच्या, ते फर्मे ओळीने जुळवायचे, पाठीला गरम गोंद लावून वर मुखपृष्ठ बसवायचं. गोंदाची कढई दिवसभर रटरटत असायची आणि तिची वाफ जायला एक जिना सोडून वाट नव्हती. कामगारखात्याचा तपासनीस येऊन ओरडून गेला तेव्हा मालकांनी घाईघाईने पंखा आणवला आणि पुढच्या वेळी तपासनिसाला खोकं दाखवलं. तो समाधानाने परत गेला. त्यानंतर पंखा खोक्यातून निघाला नाही. पैशांचा प्रश्न नव्हता. तळघराची एकच भिंत बाहेरच्या बाजूला होती, आणि तिच्या बरोबर वर मालकांच्या केबिनची खिडकी. पंखा तिथे बसला तर गोंदाचा वास खिडकीतून वर येणार. मालकांचं नाक नाजूक होतं. “बघू,” ते म्हणत. आणि जिन्याखाली जागा अडते म्हणून कुणीतरी खोक्यावर टेबलक्लॉथ घातला.

हे सगळं मोजपट्टीला माहीत होतं, कारण तिची मावशी बाइंडिंगची मुकादम होती. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं, गोंदाच्या पगारावर पदार्थविज्ञान शिकवलं. दोघी एकाच घरात राहायच्या. मावशीचा खोकला आता घरातल्या भांड्यांसारखा झाला होता. वाजला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. डॉक्टरने औषध दिलं आणि वर सांगितलं की त्या हवेत काम चालू असेल तर हे औषध म्हणजे फुटक्या बादलीत पाणी. मावशी म्हणाली, बादली मालकाची आहे, मी काय करू.

त्या संध्याकाळी मोजपट्टीने फोटोचं सांगितलं तेव्हा मावशी पोळ्या लाटत होती. ती आधी पोट धरून हसली, मग त्या हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेपर्यंत तव्यावरची पोळी करपली.

“नुसतं उभं राहायचं?” तिने डोळे पुसत विचारलं.

“नुसतं. पुठ्ठा धरून.”

“आणि कशाबद्दल ते?”

“ते ठरवलेलं नाही म्हणे.”

मावशीने करपलेली पोळी उलटून पाहिली. “बरंय बाई. यांच्याकडे विरोधसुद्धा कोरा मिळतो. लिहिलेला महाग पडत असेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळांसाठी पुस्तकं निवडणारं मंडळ कोशाची नमुन्याची पानं बघायला येणार होतं. त्यांच्यासाठीच फाटक रंगवलं होतं, अंगण झाडलं होतं, आणि एवढं झाडलेलं अंगण पुन्हा कधी मिळणार, म्हणून फोटोही सकाळीच उरकायचं ठरलं. बाइंडिंगच्या बायका वर आल्या. उजेडाला डोळे मिचकावत त्या फाटकापाशी ओळीत उभ्या राहिल्या. पुठ्ठे त्यांनीच कापले होते, कडा अशा सरळ की मोजपट्टीलाही खोट काढता येऊ नये.

फोटोग्राफरने चार-दोन फोटो काढले. संपादकांनी आणि मोजपट्टीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. बायका सहलीला आल्यासारख्या दिसत होत्या. एकीने पदर सारखा केला होता, दुसरी पुठ्ठ्याचा पंखा करून वारा घेत होती.

“हा प्रोटेस्ट नाही,” मोजपट्टी म्हणाली. “ही उभी असलेली माणसं आहेत.”

तिने हे नियमाला धरून म्हटलं होतं, दुसरा हेतू तिच्या मनात त्या घटकेला नव्हता. प्रयोगात जे दिसत नाही ते वहीत लिहायचं नाही, एवढंच ती शिकली होती. संपादकांना मात्र घाम फुटला. त्यांना खेचर आठवलं. ते बायकांसमोर जाऊन उभे राहिले आणि अर्थ समजावू लागले. नापसंती दर्शवायची आहे. कशाबद्दल, ते ज्याचं त्याने बघावं. मोठ्याने काही बोलायचं नाही.

“म्हणजे मनातल्या मनात विरोध करायचा?” मावशीने विचारलं.

“हो. पण चेहऱ्यावर दिसला पाहिजे.”

“आणि खरा पाहिजे.”

“खराच पाहिजे,” संपादक म्हणाले. “मुखपृष्ठावर तसं छापलंय.”

मावशीने मागे वळून बायकांकडे पाहिलं. मग पुठ्ठा छातीशी धरून ती फाटकाच्या पायरीवर बसली, आणि तिच्यामागोमाग सगळ्या बसल्या. आता कुणी पदर सारखा केला नाही. त्या सरळ समोर बघत होत्या, आणि समोर, पहिल्या मजल्यावर, मालकांच्या केबिनची खिडकी होती.

फोटोग्राफर आजवर लोण्याचे गोळे आणि झोपलेले हिशेबनीस टिपत आलेला. त्याने डोळ्याला कॅमेरा लावला तो काढायलाच तयार नाही. शेवटी म्हणाला, मिळाला. संपादकांनी पडदा बघितला, नि त्यांचा चेहरा उजळला. अगदी खरा, म्हणाले. आता उठायला हरकत नाही.

कुणी उठलं नाही.

“झालं आपलं काम,” संपादकांनी पुन्हा सांगितलं.

“तुमचं झालं,” मावशी म्हणाली. “आमचं व्हायचंय.”

संपादक आत धावले. व्याख्येत हे कुठेच बसत नव्हतं. नापसंती दर्शवून झाली होती, मग राहिलं काय? अर्धवट उघड्या फाटकाबाहेर येणारे-जाणारे थबकू लागले. पुठ्ठे कोरे असल्यामुळे ज्याला जे सुचलं ते त्याने त्यावर वाचलं. एक म्हातारा म्हणाला, पगार थकला असणार. दुसरा म्हणाला, मालक कुणाच्या अंगावर गेला असेल. दोन शब्द लिहू दिले असते तर मालकांची लाज एका पंख्यापुरती गेली असती. कोऱ्या पुठ्ठ्यावर ती पूर्ण जाऊ लागली.

मालकांनी मोजपट्टीला वर बोलावलं. केबिनमध्ये चंदनाच्या फवाऱ्याचा वास होता आणि खिडकी बंद होती. ते रागावले नव्हते; उलट तिला बसायला सांगितलं, आणि त्यांनी खुर्ची दिली की समजावं, पाय कापणार आहेत.

“तुझी मावशी आहे ना ती? घरच्या माणसाचं ऐकेल. पाहुणे यायच्या आत सगळ्यांना खाली ने.” मग टेबलावरचा एक कागद त्यांनी बोटाने सरळ केला. “तुझं पत्र तयार आहे. सही तेवढी राहिलीय.”

मोजपट्टी बरं म्हणाली. ‘बरं’ या शब्दालाही फार अर्थ नसतो. ती जिना उतरू लागली. पक्की नोकरी म्हणजे मावशीला तळघर सोडता येणार होतं. हेच तर तिने मनात धरलं होतं. पण मावशी सुटली तरी कढई रटरटत राहणार होती आणि खाली दुसरी कुणाची मावशी बसणार होती. आणि मावशीला उठवायचं तर सांगायचं काय? उठ, माझं पत्र अडलंय?

जिन्याखाली चहा मांडून ठेवला होता. स्वल्पविराम एकटेच बसले होते. तिने कप, किटली, साखर असा सगळा ट्रे उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. “हे काय,” ते म्हणाले, आणि छताकडे पाहू लागले. तिने टेबलक्लॉथ ओढला. खोक्यावर चहाच्या कपांची वर्तुळं एकात एक गुंतली होती. समितीच्या सगळ्या बैठका त्यात मोजता आल्या असत्या.

खोकं जड होतं. तिने ते फरशीवरून घासत नेलं, उंबऱ्यावरून लोटलं, अंगणातून ओढलं. आवाज असा झाला की हिशेबखातंही जागं झालं. बायकांच्या मधोमध, मावशीच्या शेजारी खोकं ठेवून ती धापा टाकत पायरीवर बसली. चित्राची बाजू तिने फाटकाकडे केली होती.

मावशीने आधी खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “पत्राचं काय?”

“राहू दे.”

“येडी आहेस.”

“तुझीच ना.”

मावशीने आपला पुठ्ठा खोक्याला टेकून ठेवला. बाकीच्याही ठेवू लागल्या. आता कुणाला काही वाचायची गरज राहिली नाही.

मंडळाची गाडी आली ती नेमकी याच सुमारास. आधी मंडळाच्या प्रमुख बाई उतरल्या. मालक लगबगीने खाली आले, फुलासारखे हसले आणि म्हणाले की हे एका शब्दाचं चित्र चाललंय. आमच्याकडे प्रत्येक चित्र खरं असतं. बाईंनी बायकांकडे पाहिलं. तेवढ्यात मावशीला खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना. उबळ थांबेपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मग त्यांनी खोक्यावरच्या चित्राकडे बोट दाखवलं.

“हा खोक्यात का? भिंतीत का नाही?”

प्रश्न इतका सोपा होता की मालकांना त्यात मधला मार्ग सापडेना. त्यांनी संपादकांकडे पाहिलं. संपादकांना अमेरिकन पद्धत आठवत होती, पण ती इथे लागू पडत नव्हती.

“आजच बसवतोय,” मालक म्हणाले. “आजचाच मुहूर्त.”

“मग बसवा,” मावशी म्हणाली. “आम्ही थांबतो इथे. घाई नाही.”

गवंडी आला, भिंतीला भोक पडलं, वायर ओढली गेली. मंडळाने पानं पाहून चहा घेतला. तो उभ्यानेच घ्यावा लागला, कारण टेबल भिंतीत चाललं होतं. खालून पात्यांची घरघर ऐकू आली तेव्हा बायका उठल्या, पुठ्ठे काखोटीला मारून तळघरात गेल्या, आणि पुठ्ठा वाया घालवायची सवय नसल्यामुळे त्यांनी ते दुसऱ्याच एका पुस्तकाला लावून टाकले.

मालकांच्या खिडकीची झडप आता कायमची बंद झाली. चंदनाचा फवारा दुप्पट लागू लागला. मावशीचा खोकला कमी झाला, गेला नाही. मोजपट्टी ‘गेला’ असं म्हणू देत नसे. तिच्या पत्रावर सही झाली नाही. ‘क्यू’ झाल्यावर बघू, असं मालक म्हणाले. ‘क्यू’त शब्द किती थोडे असतात हे त्यांना माहीत नव्हतं, कोश त्यांचा होता, त्यांना तो वाचावा लागत नव्हता. ‘क्यू’ लगेच संपलं तेव्हा ते ‘आर’ म्हणाले.

तो फोटो अर्थात कोशात गेला नाही. फारच खरा आहे, असं समितीने ठरवलं. ‘प्रोटेस्ट’पुढे ‘नापसंती दर्शवणे’ एवढंच छापलं, आणि पानावर मोकळी राहिलेली जागा भरायला त्याच पानावर खाली असलेल्या ‘प्राउड’चं चित्र मोठं केलं. त्यात मालक छापखानदारांच्या संघाची ढाल घेऊन उभे आहेत. प्रत्येक चित्र खरं, या नियमात ते काटेकोर बसतं.

छापून झालेले फर्मे तळघरात आले. सगळ्या प्रतींची बांधणी झाल्यावर एक खास प्रत मालकांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटासाठी करायची असते. जाड पाठ, सोनेरी अक्षरं. ती मावशीने स्वतःच्या हाताने बांधली. फोटोग्राफरकडून मागून आणलेला फोटो तिने पानाच्या मापाने कापला, कडेला गोंदाची बारीक रेघ ओढली आणि ‘प्रोटेस्ट’च्या पानासमोर असा बसवला की तो छापूनच आलाय असं वाटावं. मोजपट्टीने फोटोखाली आपलं मूळ वाक्य लिहिलं, चारचौघांत आणि उघडपणेसकट.

प्रत कपाटात आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मालक ती काचेतून दाखवतात. कपाट उघडायचा प्रसंग त्यांच्यावर अजून आलेला नाही आणि यायची भीतीही नाही. म्हणून त्या सबंध इमारतीत तो फोटो ठेवायला याहून सुरक्षित जागा नाही.